पोपच्या आजोबांचा वर्ण कोणता? लुइझियानाच्या क्रिओल कथा समजून घेताना

शिकागोत जन्मलेले रॉबर्ट प्रीव्होस्ट ८ मे २०२५ रोजी पोप झाले आणि त्यांनी लिओ चौदावे हे नाव घेतलं. पहिला अमेरिकी पोप, म्हणून त्याची जगभर चर्चा झाली. पाठोपाठ न्यू ऑर्लिन्समधून आणखी एक बातमी आली. पोपच्या आईचं घराणं त्या शहराच्या सातव्या वॉर्डातलं, क्रिओल. आजोबा जोसेफ मार्टिनेझ चिरूट वळण्याचं काम करायचे. १९०० च्या खानेसुमारीत त्यांच्या नावापुढे वर्णाच्या रकान्यात ‘काळा’ असं लिहिलंय. पुढे कुटुंब शिकागोला गेलं आणि १९२० च्या खानेसुमारीत हेच आजोबा ‘गोरे’ झाले. त्यांचं जन्मस्थळसुद्धा नोंदीगणिक बदलतं.

मग प्रश्न सुरू झाले. आजोबा खोटं बोलले का? खानेसुमारीवाला चुकला का? खरं काय होतं? यातल्या शेवटच्या प्रश्नालाच फारसा अर्थ नाही, हे समजायला इतिहासाची जाडजूड पुस्तकं आहेतच. पण त्याहून जवळचा रस्ता म्हणजे १८७३ ते १९०० या काळात अमेरिकी मासिकांत आलेल्या मूठभर लघुकथा. वरवर पाहता त्या जुन्या फ्रेंच वळणाच्या गावाच्या, बाल्कन्यांच्या, नाचाच्या रात्रींच्या गोष्टी वाटतात. आत मात्र जवळपास प्रत्येक कथेत एक कागद लपवलेला असतो.

क्रिओल म्हणजे नेमके कोण?

मूळ अर्थ साधा आहे: वसाहतीत जन्मलेला. बाप फ्रान्सहून आला तर तो फ्रेंच, आणि मुलगा मिसिसिपीच्या काठी जन्मला तर तो क्रिओल. गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेला माणूस आफ्रिकन, त्याचं इथे जन्मलेलं पोर क्रिओल. सुरुवातीला याचा रंगाशी संबंध नव्हता.

वसाहती जिथे जिथे झाल्या तिथे या शब्दाला वेगळं वळण लागलं. मॉरिशसमधला मराठी माणूस बाजारात आणि बहुतेकदा घरातही जी भाषा बोलतो ती क्रिओल. आपल्या रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळच्या कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली अजून टिकून आहे. भाषेचे अभ्यासक तिलाही क्रिओलच म्हणतात. आपल्याला इथे हवी आहेत ती अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लुइझियाना राज्यातली क्रिओल माणसं.

फ्रेंचांनी न्यू ऑर्लिन्स वसवलं १७१८ मध्ये. १७६० च्या दशकात ते स्पेनच्या ताब्यात गेलं, परत फ्रान्सकडे आलं आणि १८०३ मध्ये नेपोलियनने सगळा प्रदेशच दीड कोटी डॉलरला अमेरिकेला विकून टाकला. तिथल्या लोकांना कुणी विचारलं नाही. फ्रेंच बोलणारी कॅथलिक माणसं एका सहीसरशी इंग्रजी बोलणाऱ्या प्रॉटेस्टंट देशाची नागरिक झाली. त्यातच हैतीच्या क्रांतीतून निसटून क्युबात आसरा घेतलेले नऊ-एक हजार निर्वासित १८०९-१० मध्ये येऊन धडकले आणि शहराची लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली. त्यांत गोरे होते, गुलाम होते आणि जन्माने किंवा सुटकेने मुक्त असलेले मिश्रवर्णीयही होते.

हा तिसरा वर्ग महत्त्वाचा. बाकीच्या अमेरिकेत ढोबळमानाने दोनच थर होते. लुइझियानात तीन होते: गोरे, गुलाम आणि मधले मुक्त मिश्रवर्णीय. स्पॅनिश अमलात गुलामाला स्वतःची किंमत भरून सुटका करून घेण्याचा हक्क होता, त्यामुळे हा वर्ग वाढला. १८६० च्या खानेसुमारीत राज्यात असे साडेअठरा हजारांहून जास्त लोक होते. गवंडी, शिंपी, चिरूट वळणारे, संगीत शिकवणारे, घरमालक. काहींच्या पदरी स्वतःचे गुलामसुद्धा होते. गोऱ्यांशी लग्न मात्र कायद्याने बंद. संबंध व्हायचे, मुलं व्हायची, पण लग्न लागायचं नाही. मग रक्ताचे हिशेब ठेवणारे शब्द आले. क्वाड्रून म्हणजे पाव हिस्सा आफ्रिकन, ऑक्टोरून म्हणजे आठवा हिस्सा.

यादवी युद्ध संपलं, १८६५ मध्ये गुलामगिरी गेली आणि त्याबरोबर हा मधला थरही गडप व्हायला लागला. आता दोनच रकाने राहणार होते आणि प्रत्येकाला कुठल्या तरी एकात बसायचं होतं.

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. त्याच वर्षी जॉर्ज वॉशिंग्टन केबल या न्यू ऑर्लिन्समधल्या हिशेबनिसाची पहिली क्रिओल कथा न्यूयॉर्कच्या एका मोठ्या मासिकात आली. पुढे चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, केंद्र सरकारने दक्षिणेतल्या फौजा आवरत्या घेतल्या आणि सोडलेल्या गाठी पुन्हा बांधायचं काम सुरू झालं. क्रिओल कथांचा बहर नेमका या काळातला आहे.

एक कथा जवळून: देझिरेचं बाळ

(पुढे शेवट सांगितलाय. कथा आधी वाचायची असेल तर पंधरा मिनिटं पुरतात, वाचून या.)

केट शोपॅन ही सेंट लुइसची, आईकडून फ्रेंच वंशाची. लग्नानंतर ती न्यू ऑर्लिन्सला आणि मग लुइझियानाच्या उत्तरेकडच्या क्लूटिएव्हिल या छोट्या गावी राहिली. तिथून जवळच केन नदीच्या काठी मिश्रवर्णीय क्रिओल कुटुंबांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनी होत्या. नवरा १८८२ मध्ये वारला, ती माहेरी परतली आणि लिहायला लागली. ‘देझिरेज बेबी’ ही कथा जानेवारी १८९३ मध्ये ‘व्होग’मध्ये आली. तेव्हा ते मासिक निघून जेमतेम महिना झाला होता.

देझिरे ही सापडलेली मुलगी. एका जमीनदाराला ती वाड्याच्या दारातल्या दगडी खांबाच्या सावलीत झोपलेली मिळाली. निपुत्रिक नवरा-बायकोने तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. पुढे शेजारच्या मळ्याचा तरुण मालक आर्माँ ओबिन्यी तिला त्याच खांबाशी उभी पाहतो आणि तिथल्या तिथे प्रेमात पडतो. सासरा बजावतो की मुलीचं कूळ माहीत नाही, नीट विचार कर. आर्माँ म्हणतो, नाव नसलं तर काय झालं, माझं लुइझियानातलं सगळ्यात जुनं नाव तिला देतो.

बाळ होतं, सगळे खूश. मग घरात काहीतरी बदलतं. दूरदूरचे शेजारी कारण नसताना येऊन जातात. नवरा नजर टाळतो. एका उकाड्याच्या दुपारी देझिरे बसलेली असते. बाळ झोपलंय आणि ला ब्लांश नावाच्या गुलाम बाईचा लहान मुलगा, क्वाड्रून, मोरपिसांच्या पंख्याने त्याला वारा घालतोय. देझिरे आपल्या बाळाकडे बघते, मग त्या मुलाकडे, परत बाळाकडे. शोपॅनबाई इथे एक शब्दही स्पष्टीकरणाचा देत नाहीत. वाचकाच्या पोटात गोळा येतो आणि त्याला तेव्हाच सगळं कळतं.

ती नवऱ्याला विचारते, याचा अर्थ काय? तो म्हणतो, मूल गोरं नाही, म्हणजे तू गोरी नाहीस. ती हात पुढे करते: बघ, तुझ्या हातापेक्षा गोरा आहे. तो म्हणतो, हो, ला ब्लांशच्या हातासारखा. या उत्तरातली क्रूरता पटकन लक्षात येत नाही. ला ब्लांश या नावाचा अर्थच ‘गोरी’, आणि ती गुलाम आहे. कातडी काय सांगते याला कवडीची किंमत नाही, हे नवराच कबूल करून बसलाय.

आई कळवते, बाळाला घेऊन घरी ये. देझिरे निघते, पण रस्त्याने जात नाही. खोल, संथ पाण्याच्या काठच्या वेतात शिरते आणि परत येत नाही. काही आठवड्यांनी आर्माँ तिच्या वस्तूंची होळी करतो: पाळणा, रेशमी कपडे, पत्रं. ज्या खणातून तिची पत्रं काढली त्याच्या तळाशी एक जुनी चिठ्ठी निघते, त्याच्या आईने त्याच्या बापाला लिहिलेली. आई पॅरिसलाच राहिली, तिथेच वारली, हे सुरुवातीला ओझरतं येऊन गेलेलं असतं. आई देवाचे आभार मानते की आपल्या लाडक्या आर्माँला कधीच कळणार नाही, की त्याची आई गुलामीचा डाग असलेल्या वंशाची आहे.

कथा तिथेच संपते. शोपॅनने चिठ्ठी जळताना दाखवलेली नाही आणि आर्माँचा चेहराही दाखवलेला नाही.

कागद इतका महत्त्वाचा का?

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध चालू आहे. मोडी वाचणारी माणसं शोधून निजामकाळची दप्तरं उलगडली जातायत, आणि पणजोबाच्या नावापुढचा एक शब्द आजच्या मुलाचा प्रवर्ग ठरवतोय. माणूस तोच, घर तेच, शेत तेच. रकाना बदलला की पुढचं बरंच काही बदलतं. फरक एवढाच की आपल्याकडे लोक कागद मिळावा म्हणून खटपट करतात आणि लुइझियानात तो मिळू नये म्हणून करायचे.

तिकडे याची कसोटी आगगाडीच्या डब्यात लागली. ७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी हा बूट बनवणारा क्रिओल कारागीर न्यू ऑर्लिन्सहून सुटणाऱ्या गाडीत गोऱ्यांच्या डब्यात बसला. त्याच्या वंशात आफ्रिकन रक्त आठवा हिस्सा. त्याच्याकडे बघून कुणाला काही कळलं नसतं, म्हणून त्याला स्वतःहून सांगावं लागलं. शहरातल्या क्रिओल मंडळींच्या समितीने ठरवूनच हे केलं होतं, कारण गोऱ्या-काळ्यांना वेगळ्या डब्यांत बसवणाऱ्या कायद्यातला मूर्खपणा कोर्टापुढे आणायचा होता. खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि १८९६ मध्ये ते हरले. ‘वेगळे पण समान’ या तत्त्वावर शिक्का बसला आणि पुढे अर्धशतकाहून जास्त काळ तो टिकला. देझिरेची कथा १८९२ च्या नोव्हेंबरात लिहिली गेली, म्हणजे प्लेसीच्या अटकेनंतर पाच महिन्यांनी. शोपॅनने कथा युद्धाआधीच्या काळात नेऊन ठेवली असली तरी वाचणारे १८९३ मधले होते.

खोटी शपथ घेणाऱ्या आया

केबलची ‘तित पूलेत’ १८७४ ची. ‘झाली’ नावाची क्वाड्रून बाई, जिला सगळे मादाम जॉन म्हणतात, आपल्या देखण्या मुलीला घेऊन राहते, आणि समोरच्या घरातला डच तरुण त्या मुलीवर जीव टाकतो. लग्न कायद्याने अशक्य. शेवटच्या ओळींत आई कागद पुढे करते: ही माझी पोरगी नाहीच, माझ्या घरात तापाने गेलेल्या स्पॅनिश जोडप्याची आहे, बर्फासारखी गोरी आहे, घेऊन जा. गोड शेवट, वाचक सुटकेचा श्वास टाकतो. कथेतल्या ‘मादाम जॉन’चं घर म्हणून न्यू ऑर्लिन्सच्या ड्युमेन स्ट्रीटवरची एक जुनी वास्तू आजही दाखवतात.

पुढे केबलने एका प्रस्तावनेत सांगितलं की ही कथा वाचून त्याला एका क्वाड्रून बाईचं निनावी पत्र आलं. पत्राचा आशय असा: मादाम जॉन खोटं बोलली. मुलगी तिचीच होती. मुलीचं भलं व्हावं म्हणून तिने आपलं आईपण नाकारलं, आमच्यातल्या कितीतरी जणींनी नाकारलंय. तुम्हाला आमची कळकळ असेल तर गोष्ट बदला.

आणि केबलने बदलली. १८८१ च्या ‘मादाम देल्फीन’मध्ये हीच परिस्थिती आहे, पण आता आई वकिलापुढे शपथ घेते की ऑलिव्ह आपली मुलगी नाही. पुरावा म्हणून ती दुसऱ्याच एका गोऱ्या बाईचं चित्र दाखवते. लग्न लागतं. आई कबुलीजबाबासाठी पेर जेरोम या पाद्र्याकडे जाते, सांगते की ऑलिव्ह माझीच, आणि तिथेच प्राण सोडते. पाद्री देवाला विनवतो की हे पाप हिच्या खात्यावर मांडू नकोस. पाप कुणाच्या खात्यावर मांडायचं, हे केबल सांगत नाही, पण त्याचा रोख कायदा करणाऱ्यांकडे आहे.

पत्र खरंच आलं होतं की ही लेखकाची युक्ती, यावर वाद घालता येईल. मला या दोन कथा एकापाठोपाठ वाचणं हाच या सगळ्या साहित्यातला सर्वांत मोठा धक्का वाटतो. पहिलीचा सुखान्त दुसरी मागे जाऊन उसवते.

पण हे लेखक स्वतः क्रिओल होते का?

रास्त शंका. केबल नव्हता. जन्म न्यू ऑर्लिन्सचा, पण आईबाप बाहेरचे, प्रॉटेस्टंट. गंमत म्हणजे तो गुलामगिरीच्या बाजूने घोडदळात लढला होता आणि नंतर मत पार बदलून काळ्यांच्या हक्कांसाठी लिहायला लागला. १८८५ मध्ये त्याने त्यावर उघड लेख लिहिला, शहरात त्याचं राहणं कठीण झालं आणि तो कुटुंबासह उत्तरेत मॅसॅच्युसेट्सला निघून गेला. शोपॅनचा नवरा मात्र गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी शस्त्र घेणाऱ्या ‘व्हाइट लीग’मध्ये होता.

गोरे क्रिओल केबलवर भयंकर चिडले. त्याने त्यांची मोडकीतोडकी इंग्रजी छापली हा एक राग. खरा राग वेगळाच होता: या कथा वाचून उत्तरेतल्या लोकांना वाटेल की क्रिओल म्हणजे मिश्र रक्ताचे. शार्ल गायारे या इतिहासकाराने १८८५ मध्ये खास व्याख्यान देऊन ठासून सांगितलं की खरा क्रिओल शंभर टक्के गोराच. न्यू ऑर्लिन्सच्याच ग्रेस किंग या गोऱ्या लेखिकेची गोष्ट आणखी मजेशीर. ती एका संपादकापुढे केबलविषयी कुरकुरली, तेव्हा तो म्हणाला की मग तुम्हीच का नाही याहून बरं लिहीत? तिने लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. तरी तिच्या कथांतले गुलाम मालकांवर फार माया करतात, ते मला पचत नाही.

मिश्रवर्णीय क्रिओल लिहीत नव्हते असंही नाही. व्हिक्टर सेजूर या न्यू ऑर्लिन्सच्या तरुणाने १८३७ मध्ये ‘ल म्युलात्र’ ही कथा लिहिली. आफ्रिकी-अमेरिकी लेखकाची आज माहीत असलेली ही सर्वांत जुनी कथा. ती छापून आली पॅरिसमध्ये, फ्रेंचमध्ये. लुइझियानात १८३० च्या कायद्याने असं काही छापणाऱ्याला फाशीपर्यंत शिक्षा होती. कथेचा नायक जॉर्ज, त्याला बाप कोण ते माहीत नाही. बायकोचा बळी घेणाऱ्या मालकावर तो सूड म्हणून कुऱ्हाड उगारतो, मालक ‘बाप’ हा शब्द उच्चारायला लागतो, अर्ध्यावर घाव बसतो आणि उरलेलं अक्षर घरंगळणाऱ्या मुंडक्यातून येतं. भडक आहे, पण यात बाल्कनी नाही आणि मोगराही नाही.

आणि ॲलिस डनबार-नेल्सन. १८७५ चा जन्म, न्यू ऑर्लिन्सची मिश्रवर्णीय क्रिओल. १८९९ च्या तिच्या संग्रहातली ‘सिस्टर जोसेफा’ ही अनाथ मुलगी कॉन्व्हेंटमधून पळायचं ठरवते आणि ऐन वेळी उमगतं की बाहेरच्या जगात तिला नाव नाही, कूळ नाही, कुठला रकाना नाही. वर्ण कोणता हे लेखिका एकदाही उघड बोलत नाही. संपादकांना दक्षिणेतलं रंगीबेरंगी जीवन हवं असायचं, रंगभेदाचा विषय नको असायचा. तिने तो विषय सरळ मांडला ती ‘द स्टोन्स ऑफ द व्हिलेज’ ही कथा तिच्या हयातीत छापली गेलीच नाही. वाचकांपुढे ती आली १९८८ मध्ये.

आता हे सगळं जुनं झालं ना?

कायद्याच्या भाषेत बोलायचं तर तितकंसं जुनं नाही. १९७० मध्ये लुइझियानाने रक्ताचा हिशेब नव्याने पक्का केला: बत्तिसाव्या हिश्श्यापेक्षा जास्त आफ्रिकन रक्त असेल तर नोंद गोरी होणार नाही. त्याच दशकात एक बाई पासपोर्टसाठी जन्मदाखला काढायला गेली आणि त्यावर आईबाप दोघेही ‘वर्णीय’ असल्याचं तिला कळलं. ती आयुष्यभर गोरी म्हणून जगली होती. तिने सरकारवर दावा लावला. सरकारने तिची वंशावळ अठराव्या शतकातल्या एका गुलाम स्त्रीपर्यंत नेऊन भिडवली. कायदा १९८३ मध्ये रद्द झाला, दावा मात्र ती हरली. प्लेसीला मरणोत्तर माफी मिळाली जानेवारी २०२२ मध्ये.

म्हणून पोपच्या आजोबांविषयी ‘खरं काय’ हा प्रश्न चुकीच्या दाराशी नेतो. न्यू ऑर्लिन्समधल्या नोंदीने त्यांना एका बाजूला टाकलं. शिकागोत त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं, तिथल्या नोंदीने दुसऱ्या. अशी सीमा ओलांडलेली कुटुंबं बरीच होती, आणि ओलांडताना मागे राहिलेल्या भावंडांशी, कधी आईशीही, नातं तोडावं लागायचं. पोपच्या भावाने सांगितलं की घरात याविषयी कधी बोलणंच झालं नाही. मादाम देल्फीनच्या लेकीच्या घरातही झालं नसणार.

वाचायचं असेल तर

सेजूर सोडला तर वरचं जवळपास सगळं स्वामित्वहक्काबाहेर आहे आणि इंटरनेटवर फुकट मिळतं. सेजूरच्या कथेचं इंग्रजी भाषांतर १९९० च्या दशकात झालं, ते मोठ्या संकलनांत सापडेल. ‘देझिरेज बेबी’पासून सुरुवात करा. नंतर ‘तित पूलेत’ आणि ‘मादाम देल्फीन’ याच क्रमाने, मध्ये दुसरं काही न घुसवता. मग ‘सिस्टर जोसेफा’. केबलची बोलीतली स्पेलिंगं पहिल्या दोन पानांत डोकं उठवतात. मोठ्याने वाचलं की अर्ध्याहून जास्त अडचण जाते, कारण त्याने ती कानाने लिहिलीत. सेजूर सगळ्यात शेवटी ठेवा, आणि जेवण झाल्या झाल्या नको.